घनफुटापासून युनिटापर्यंत : प्रस्तावना

पावसाळ्यात सांगली-मिरजेकडचे कोणतेही वर्तमानपत्र उघडा. कोयना धरणात इतके टीएमसी पाणी साठले, दरवाजांतून इतके क्युसेक सोडले, आयर्विन पुलापाशी पातळी इतके फूट इतके इंच झाली, महाबळेश्वरला इतके मिलिमीटर पाऊस पडला, पायथा वीजगृहातून इतके मेगावॅट वीज सुरू झाली. पाणी एकच, मापे पाच. त्यांतली तीन ब्रिटिश आणि दोन मेट्रिक. वाचणाऱ्याचे मात्र कुठेच अडत नाही. पंचेचाळीस फूट म्हटले की धोका, हे कृष्णाकाठच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच पातळीला कुणी पावणेचौदा मीटर म्हणाले, तर तो पोरगा आधी पुलावर जाऊन बघून येईल आणि मग सामान बांधायचे की नाही ते ठरवेल.

दोन पद्धतींची मापे एका गावात नांदली म्हणून काही बिघडत नाही. लांबी फुटांत मोजा की मीटरमध्ये, ती डोळ्यांसमोर असते. ऊर्जेचे तसे नाही. तिला पट्टी लावता येत नाही. पाण्याचे वजन आणि चढाची उंची, मोटारीची ताकद आणि चालल्याचे तास, जळणाचे वजन आणि वाढलेले तापमान, अशा दोन-दोन गोष्टी गुणून ती काढावी लागते. त्यातली एक घनफुटात आणि दुसरी मीटरमध्ये असली की उत्तर अशा एककात येते, जे ना बिलावर छापलेले असते, ना मोटारीच्या पाटीवर. मापांच्या सरमिसळीचा खरा जाच होतो तो इथे. पुढच्या पानांवर कोष्टके आहेत ती या जाचापायी. पण नुसते गुणक हाती दिल्याने भागत नाही असे मला वाटते, म्हणून ही जरा लांबलेली प्रस्तावना.

मिरज तालुक्यात हा हिशेब चैनीचा नाही. म्हैसाळपाशी कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने मिरज पूर्व भाग, कवठेमहांकाळ, जत अशा कोरड्या मुलखात चढवले जाते. उचललेले पाणी सांगतात टीएमसीत, चढ सांगतात मीटरमध्ये, पंपांची ताकद हॉर्सपॉवरमध्ये आणि बिल येते युनिटमध्ये. योजनेचे पंप बंद पडल्याची बातमी आली की तिच्यात थकबाकीचे कोटी असतात, आवर्तनाच्या तारखा असतात, पुढाऱ्यांची निवेदने असतात. पाणी वर न्यायला मुळात ऊर्जा किती लागते, हा आकडा तेवढा नसतो. तो काढायला फार विद्या लागत नाही.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या भाषेत शंभर कोटी घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर, म्हणजे एका टीएमसीत २,८३२ कोटी लिटर पाणी. पाण्याचा लिटर किलोभर भरतो, तेव्हा वजनही तितकेच कोटी किलो. हे वजन १०० मीटर वर न्यायचे तर त्याला ९.८१ ने आणि मग १०० ने गुणायचे. उत्तर ज्यूलमध्ये येते आणि ते इतके अजस्र असते की त्याचा उपयोग शून्य. पण एका युनिटात, म्हणजे एका किलोवॅट-तासात, बरोबर ३६ लाख ज्यूल असतात. तेवढ्याने भागले की हाती येतात सुमारे ७७ लाख युनिट. हा झाला आदर्श पंप, जो कुणीच बनवलेला नाही. मोटार तापते, पंपात पाणी घुसळले जाते, पाइपात घर्षण होते. सगळे मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर आकडा एक कोटी दहा लाखांवर जातो. एक टीएमसी पाणी, शंभर मीटर चढ, एक कोटी दहा लाख युनिट. विजेचा दर ज्याने त्याने आपल्या वर्षीचा घालावा.

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारक शेतकऱ्यांनी उचलायचा, अशी वाटणी ठरलेली आहे. तिच्यावर भांडायला प्रत्येकाला हक्क आहे. माझे म्हणणे एवढेच की जे वाटायचे त्याचा आकार सभेत ठरत नाही. तो वजन, उंची आणि कार्यक्षमता या तिघांत ठरतो, आणि त्यातली फक्त कार्यक्षमता माणसाच्या हातात आहे. सत्तरची पंचाहत्तर टक्के झाली तर दर टीएमसीला, दर शंभर मीटरला सात लाखांहून जास्त युनिट वाचतात. एवढा मुद्दा कळायला घनफुटाचे लिटर आणि ज्यूलचे युनिट करता आले पाहिजे, बाकी काही नाही.

याच खोऱ्यात उलट बाजूचा हिशेबही मांडता येतो. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून पोफळीला वीज होते. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत निवाड्याने या वळवण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पाणी तिथे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते. तोच गुणाकार केला तर एका टीएमसीला साडेतीन कोटींवर युनिट निघतात. यंत्रांतली दहा-बारा टक्के घट वजा केली तरी सव्वातीन कोटींच्या आसपास उरतात. म्हणजे पश्चिमेला पडलेले एक टीएमसी पूर्वेला जवळजवळ तीन टीएमसी पाणी शंभर मीटर वर चढवू शकते. सह्याद्रीच्या दोन बाजूंचे हे गणित कुणी एका फळ्यावर मांडलेले मी फारसे पाहिलेले नाही. एका बाजूचा आकडा मेगावॅटमध्ये छापला जातो आणि दुसऱ्या बाजूचा रुपयांत, म्हणून ते शेजारी बसत नाहीत, असा माझा कयास आहे.

आता मोठ्या योजनेवरून विहिरीवर येऊ. पंपशेडमध्ये भिंतीला स्टार्टर आणि खाली पाच एचपीची मोटार. तिच्या पाटीवर नीट पाहिले तर शेजारीच ३.७ किलोवॅट असेही लिहिलेले असते. हॉर्सपॉवर ७४६ वॅटची, पाच पटीने ३,७३० वॅट, म्हणून ३.७. इथवर सोपे. पण पाटीवरचा आकडा मोटारीच्या दांड्यावर मिळणाऱ्या ताकदीचा असतो, तारेतून ओढलेल्या विजेचा नसतो. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या घरातली धरली तर तीच मोटार तासाला साडेचार ते पावणेपाच युनिट खाते. पाच एचपीला तासाला पावणेचार युनिट, असे गणित करून मीटर जोरात पळतो म्हणणाऱ्याची चूक गुणकात नसते. कोणत्या टोकाला मोजले, हे तो विचारत नाही. या पुस्तकातल्या प्रत्येक कोष्टकाआधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, अशी विनंती आहे: हे माप कुठे घेतले?

त्या मोटारीने शंभर फुटांवर किती पाणी चढेल, हे दोन्ही पद्धतींनी काढून पाहणे मोठे मौजेचे आहे. ब्रिटिश पद्धतीने एक हॉर्सपॉवर म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. पाच एचपीचे झाले १,६५,०००. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ९९,००० उरले. शंभर फुटांनी भागले, ९९० पौंड. ब्रिटिश गॅलनभर पाण्याचे वजन दहा पौंड, तेव्हा मिनिटाला ९९ गॅलन. सगळा हिशेब तोंडी झाला, कागद लागला नाही. मेट्रिक पद्धतीने ३,७३० वॅटच्या ६० टक्के २,२३८, त्याला ९.८१ ने आणि मग ३०.४८ मीटरने भागायचे. सेकंदाला साडेसात लिटर, तासाला २७ हजार लिटर येतात. गॅलनचे उत्तर लिटरमध्ये फिरवले तरी तेच २७ हजार. जुन्या मापांना गबाळी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा करून बघावे. पाणी उपसण्याच्या कामापुरती ती मापे अगदी बेतलेली होती. पाटबंधाऱ्यातल्या जुन्या अभियंत्यांचे सूत्र तर याहून आखूड: क्युसेक गुणिले फूट, भागिले ८.८, की हॉर्सपॉवर. ज्याने ते पाठ केले त्याला बाकीचे काही आठवावे लागत नसे.

या पुस्तकाचा लेखक मेट्रिकवादी आहे आणि मीही आहे. पण मेट्रिकवाद्यांच्याच घरात एक गोंधळ आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पंपाच्या कामात एक सूत्र सर्रास चालते: लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर, भागिले ७५. यातून येते ती हॉर्सपॉवर मेट्रिक असते, म्हणजे सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणारी. ती ७३५.५ वॅटची. ब्रिटिश हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटची, जी व्यवहारात ७४६ धरतात. पंप ७५ ने काढायचा आणि मोटार ७४६ ने, असे केले की एकाच हिशेबात दोन जातींची घोडी जुंपली जातात. फरक दीड टक्क्याहून कमी. विहिरीवरच्या पाच एचपीला तो पन्नास वॅटचा, सोडून द्यावा असा. हजार हॉर्सपॉवरच्या पंपाला तोच दहा किलोवॅटचा होतो, आणि असा पंप वर्षात तीन हजार तास चालला तर तीस हजार युनिटांचा. ७५ ऐवजी ७६ ने भागणारेही फिटर आहेत. ते बरोबर आहेत, फक्त का ते बहुतेकांना सांगता येत नाही. कोष्टकांत दोन्ही हॉर्सपॉवर वेगवेगळ्या रकान्यांत दिल्या आहेत, त्या याच कारणाने.

आणखी एक घोटाळा ताकद आणि ऊर्जा यांचा. एचपी ही ताकद, एचपी-तास ही ऊर्जा. किलोवॅट ही ताकद, किलोवॅट-तास ही ऊर्जा. वाचताना हे बाळबोध वाटते, पण ज्या कृषिपंपांना मीटर नाही त्यांचे बिल एचपीवर आकारले जाते, तेव्हा मधले तास कुणीतरी गृहीत धरलेले असतात. पंप खरेच तितका चालला का, त्या वेळी लाइट होती का, हा वाद त्या गृहीत तासांचा असतो. एचपी दोन्ही पक्षांना मान्यच असते. २०२४ मध्ये राज्याने कृषिपंपांना मोफत विजेची योजना आणली तिची मर्यादासुद्धा साडेसात एचपी अशीच आहे. सौर पंपाचे पॅनेल वॅटमध्ये मोजतात आणि त्याच्या खालचा पंप एचपीत. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा, अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाला. शेर आणि मण बाजारातून गेले. हॉर्सपॉवर मात्र सरकारी योजनेच्या अर्जावर अजून ठाण मांडून आहे.

असे का झाले? कायदा दुकानदाराच्या तागडीपर्यंत पोहोचतो, यंत्राच्या आत शिरायला त्याला फार वेळ लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या मुलखात किर्लोस्करवाडी वसवली. मिरजेहून पुण्याकडे जाताना वाटेतच तिचे स्टेशन आहे. नांगरापासून सुरू झालेला तो कारखाना पुढे पंपांसाठी देशभर नावाजला, आणि या भागातल्या दोन-तीन पिढ्यांनी यंत्रांची भाषा पंप आणि ऑइल इंजिनांच्या पाट्यांवर वाचून शिकली. ती भाषा एचपीची होती. मोट सोडून इंजिन घेणाऱ्या शेतकऱ्याने बैलाच्या जागी घोडा मोजला, त्याला किलोवॅटचे काय सोयरसुतक? एकदा बसलेले इंजिन तीस-चाळीस वर्षे चालते. त्याची पाटी तितकी वर्षे टिकते, आणि त्याचे सुटे भाग विकणारा दुकानदार तीच भाषा बोलतो.

मिरज स्टेशनात हा इतिहास जमिनीवर आखलेला होता. एके काळी या एका जंक्शनात तीन रुंदींचे रूळ येत. ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. कुर्डुवाडीकडून आलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांची. आणि मधला मीटरगेज, बरोबर एक मीटरचा. ब्रिटिश सरकारने फूट-इंच सोडून फ्रेंच मीटरवर रूळ का टाकले, याचे उत्तर ऊर्जेच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावे. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना हिंदुस्थानात मेट्रिक मापे आणायचे घाटत होते, कायदाही झाला. स्वस्तातल्या लोहमार्गासाठी तीन फूट तीन इंच आणि वर तीन अष्टमांश इंच अशी विचित्र रुंदी निवडली गेली, कारण ती एक मीटर भरते. पुढे १८७२ मध्ये मेयोंचा अंदमानात खून झाला, मापांचा कायदा कागदावरच राहिला आणि रूळ तेवढे मेट्रिक उरले. देशाला मेट्रिक व्हायला त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे लागली. रूळ बदलला की मालगाडीतला माल मिरजेच्या यार्डात एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत हलवावा लागे. एककांचे रूपांतर ही तशीच हमाली आहे: पोत्यातला माल तोच राहतो, पण हलवताना पोते फाटले नाही ना, हे बघणारा माणूस लागतो.

ज्याच्या नावाने आज ऊर्जेचे मेट्रिक एकक चालते त्या जेम्स ज्यूलचे सारे आयुष्य मात्र पौंड, फूट आणि फॅरनहाइटमध्ये गेले. मँचेस्टरजवळच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला हा माणूस. पाण्यात वल्ही फिरवायची, ती खाली घसरणाऱ्या वजनांनी ओढायची आणि पाणी किती तापते ते बघायचे, असा त्याचा प्रयोग. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती फूट-पौंड काम लागते? त्याचे १८५० सालचे उत्तर ७७२ च्या आसपास होते. पुन्हा पुन्हा मोजून त्याने ते ७७२.५५ वर आणले आणि हाच आकडा त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. आजचा आकडा ७७८. त्या काळच्या तापमापकांच्या जोरावर एक टक्क्याच्या आत. ज्यूल गेला १८८९ मध्ये, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत परिषदेने त्याचे नाव एककाला दिले. उष्णतासुद्धा ज्यूलमध्येच मोजायची हा ठराव व्हायला १९४८ उजाडले.

त्या ७७२ ने जोडले काय, हे समजले की निम्मी कोष्टके आपोआप समजतात. त्याआधी काम एका वहीत आणि उष्णता दुसऱ्या वहीत होती. पाणी उपसणारा फूट-पौंड बोलत होता आणि बॉयलर पेटवणारा बीटीयू, म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट. एक बीटीयू म्हणजे ७७८ फूट-पौंड, म्हणजे १,०५५ ज्यूल, म्हणजे २५२ कॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ३,४१२ बीटीयू किंवा ८६० किलोकॅलरी. दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खाणारा माणूस सव्वादोन युनिटांच्या थोडा वर जातो. अन्नाचे उष्मांक आणि विजेचे बिल एकाच तराजूत बसतात, हे मुलांना एकदा करून दाखवले की ती विसरत नाहीत.

सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. इतक्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उष्मागतिकीची तीन पिढ्यांची पुस्तके सापडावीत. उकळत्या पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते? पहिली पिढी म्हणते, पौंडाला ९७० बीटीयू. दुसरी म्हणते, किलोला ५३९ किलोकॅलरी. तिसरी म्हणते, किलोला २,२५७ किलोज्यूल. आजोबा, बाप आणि नात एकाच साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभी राहिली तर तिघांचीही उत्तरे बरोबर. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीत फक्त १.८ चा गुणक आहे, कारण पौंड-किलोचा फरक वर-खाली कटून जातो आणि उरतो तो फॅरनहाइट-सेल्सिअसचा. तेवढे ओळखणाऱ्याला तिथे कोष्टक लागत नाही.

साखर कारखान्याचे नाव निघाले तर बगॅसवर थोडे थांबू, कारण तिथे एककाहून मोठी गफलत होते. निम्मा ओलावा असलेल्या बगॅसचे उष्मांक मूल्य किलोला सुमारे २,२५० किलोकॅलरी धरतात. ते झाले ९.४ मेगाज्यूल, किंवा पौंडाला ४,०५० बीटीयू. तिन्ही बरोबर. पण हे ढोबळ मूल्य आहे. धुराड्यातून निघून जाणाऱ्या वाफेची उष्णता वजा केली की निव्वळ मूल्य साधारण पाचव्या हिश्श्याने खाली येते. एकाने ढोबळ धरायचे, दुसऱ्याने निव्वळ, आणि मग चार दशांश स्थळांपर्यंत रूपांतर करायचे, हे म्हणजे दार उघडे टाकून खिडकीला कडी लावणे. शिवाय कोष्टकात किलोभर बगॅस २.६ युनिट दाखवेल म्हणून सहवीज प्रकल्पातून तेवढी वीज तारेवर येत नाही. बॉयलर आणि टर्बाइन पार करून किलोमागे अर्ध्या युनिटाच्या आसपास हाती लागते. कोष्टक एकक बदलते. उष्णतेची वीज करणे हे यंत्राचे काम आहे आणि यंत्र आपली दलाली कापून घेते.

तासगाव-मिरजेकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये टन दोन प्रकारचे असतात. माल किती मावतो ते टनात, आणि थंड करणारे यंत्र किती मोठे तेही टनात. पहिला टन वजनाचा, हजार किलोचा. दुसरा अमेरिकेतल्या बर्फाच्या धंद्यातून आलेला: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जी उष्णता लागते तिचा वेग. बर्फाला पौंडामागे १४४ बीटीयू लागतात, त्यावरून तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे ३.५ किलोवॅट. घरातला दीड टनाचा एसी खोलीतली सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, पण वीज खातो दीड किलोवॅटच्या आसपास. उष्णता ढकलणे आणि उष्णता तयार करणे वेगळे, म्हणून या दोन आकड्यांत विरोध नाही.

गॅसचा भाव हा तर खास नमुना. नैसर्गिक वायूचा दर आपल्याकडे डॉलर प्रति एमएमबीटीयू असा जाहीर होतो. यातला प्रत्येक एम रोमन पद्धतीचा हजार, दोन मिळून दहा लाख. मेगावॅटच्या सवयीने एमबीटीयूतल्या एकाच एमला दहा लाख धरणारा हजारपट चुकतो. दहा लाख बीटीयू म्हणजे २९३ युनिट. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर याच मापाने सहा लाख बीटीयूंच्या थोडा वर, सुमारे १८० युनिटांचा. खुद्द ब्रिटनमध्ये घरगुती गॅसचे बिल आता किलोवॅट-तासांत येते, आणि त्यांचे नाव लावलेले एकक आपल्या वर्तमानपत्रांत छापले जाते.

मिरज डॉक्टरांचे गाव असल्यामुळे एक कोष्टक त्यांच्यासाठीही आहे. कर्करोगावरच्या किरणोपचारात मात्रा ग्रेमध्ये देतात. एक ग्रे म्हणजे किलोभर ऊतीत शोषला गेलेला एक ज्यूल. जुन्या नोंदींत तीच मात्रा रॅडमध्ये सापडते, शंभर रॅडचा एक ग्रे. एका दिवसाची नेहमीची मात्रा दोन ग्रे. तेवढ्या ऊर्जेने किलोभर पाणी एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकेही तापत नाही, तरी पेशी मरतात. ऊर्जा किती, याहून ती कुठे आणि कोणत्या रूपात पडते याला महत्त्व असल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. फूट-पौंडांचा इथे संबंध नाही हे मान्य. पण रॅड लिहिलेल्या जुन्या फाइली आणि ग्रे दाखवणारी नवी यंत्रे एकाच रुग्णाच्या कागदांत येऊ शकतात, आणि तिथे शंभरपट चूक परवडत नाही.

आता कोष्टकांविषयी थोडे. गुणक चार अंकांपर्यंत दिले आहेत. शेतावरच्या, कारखान्यातल्या आणि बिलाच्या कामाला तीन पुरतात. पंपाची कार्यक्षमता दोन अंकांतही खात्रीने ठाऊक नसताना उत्तर आठ अंकांत लिहिणारा विद्यार्थी कॅल्क्युलेटरची पावती लिहीत असतो. ताकद आणि ऊर्जा यांची पाने जाणूनबुजून वेगळी ठेवली आहेत. क्युसेक-फुटावरून किलोवॅट आणि टीएमसी-मीटरवरून युनिट अशी दोन कोष्टके सहसा कुठे मिळत नाहीत, ती या पाण्याच्या मुलखासाठी मुद्दाम घातली आहेत. कॅलरी दोन आहेत: वाफेच्या तक्त्यांत ४.१८६८ ज्यूलची आणि रसायनशास्त्रात व आहारात ४.१८४ ची. कोणत्या पानावर कोणती घेतली ते वर लिहिले आहे. दोघींत हजारात एकाहूनही कमी फरक आहे, तेव्हा विहिरीवर कोणतीही चालेल.